पार्ट बसला, पण फोन मानेना: स्मार्टफोन दुरुस्तीच्या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोन १३ बाजारात आला आणि दुरुस्ती करणाऱ्यांनी नेहमीची चाचणी केली. एकाच मॉडेलचे दोन नवे फोन उघडले आणि एकाचा डिस्प्ले दुसऱ्यात बसवला. दोन्ही पार्ट कंपनीचे, दोन्ही कोरे. स्क्रीन लागली, टच चालला, पण फेस आयडी बंद. चेहरा ओळखणाऱ्या कॅमेऱ्याला तर कोणी हातही लावला नव्हता. खोट होती डिस्प्लेच्या फ्लेक्सवरच्या (लवचिक सर्किट-पट्टीवरच्या) एका बारीक चिपमध्ये: तिच्यातला नंबर या फोनच्या ओळखीचा नव्हता. फेस आयडी वाचवायचा तर जुन्या डिस्प्लेवरची ती चिप मायक्रोस्कोपखाली उचलायची आणि नव्या डिस्प्लेवर सोल्डर करायची. स्क्रीन बदलण्यासारखं रोजचं काम बोर्ड दुरुस्तीच्या रांगेत जाऊन बसलं. ओरड झाली, कंपनी नमली आणि डिसेंबरातल्या आयओएस १५.२ या अपडेटनंतर तोच बदललेला डिस्प्ले फेस आयडीसह चालू लागला. पार्ट तोच होता, चिप तीच होती, बदललं होतं फक्त सॉफ्टवेअर. पुढचे कायदे समजून घेताना हा प्रसंग हाताशी ठेवलेला बरा.

विकत घेतलेली वस्तू हवी तिथे दुरुस्त करता यावी, हा वाद किती जुना आहे हे सांगताना १९५६ चा दाखला हमखास येतो. संगणक भाड्यानेच देणाऱ्या एका अमेरिकी कंपनीला सरकारशी झालेल्या तडजोडीत यंत्रं विकायलाही लागली आणि बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भागही द्यावे लागले. १९७५ च्या अमेरिकी वॉरंटी कायद्याने ‘आमचाच पार्ट वापराल तरच वॉरंटी’ ही अट अडवली. २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी गाड्यांच्या दुरुस्तीची माहिती खुली करायला लावली. हे सगळं खरं असलं तरी फोनच्या भांडणाचा खरा पूर्वज मला गाडीत नाही, प्रिंटरमध्ये दिसतो.

एका प्रिंटर कंपनीने टोनरच्या कार्ट्रिजवर चिप बसवली होती. चिप आणि प्रिंटर यांची ओळख पटली तरच छपाई व्हायची. दुसऱ्या कंपनीने तशीच चालणारी चिप बनवली, तेव्हा २००२ मध्ये तिच्यावर खटला झाला आणि त्यासाठी १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा आधार घेतला गेला. हा कायदा आणताना डोळ्यांपुढे होती ती गाण्यांची, सिनेमांची आणि सॉफ्टवेअरची चोरी, टोनरची पावडर नव्हे. २००४ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीची बाजू उचलून धरली नाही. पण सुट्या भागाला नंबर द्यायचा आणि यंत्राला तो नंबर विचारायला शिकवायचं ही युक्ती मागे उरली. कायदाही उरला. त्यातून दर तीन वर्षांनी सूट मागावी लागते. फोनचं डिजिटल कुलूप दुरुस्तीसाठी उघडण्याची सूट २०१८ मध्ये मिळाली खरी, पण ती कुलूप उघडण्यापुरती. कुलूप उघडायचं साधन बनवून दुसऱ्याला विकण्याची मुभा तिच्यात नाही. म्हणजे ज्याने त्याने आपली किल्ली आपणच घडवायची.

फोनमधली पहिली अडवणूक मात्र साधी, हाताला लागणारी होती. जानेवारी २०११ मध्ये लक्षात आलं की आयफोन ४ च्या तळाशी पाच पाकळ्यांचे अनोळखी स्क्रू बसवलेले आहेत, आणि दुरुस्तीला दिलेले फोनही तेच स्क्रू लावून परत येत आहेत. त्याचे स्क्रूड्रायव्हर निघाले आणि प्रश्न मिटला. मग गोंद आला, सीलबंद बॅटरी आली. त्यावर हीट गन, पातळ पत्री आणि सराव पुरे पडले. या काळात मागणी एवढीच होती की पार्ट विका, दुरुस्तीची माहितीपुस्तिका द्या. दुरुस्तीच्या हक्काचे बहुतेक कायदे आजही याच मागणीच्या साच्यातले आहेत.

साचा बदलला २०१३ मध्ये. त्या वर्षीच्या आयफोन ५एस मध्ये बोटाचा ठसा घेणारं बटण आलं आणि ते मुख्य प्रोसेसरमधल्या सुरक्षित कप्प्याशी कारखान्यातच जोडलेलं होतं. यामागचं कारण रास्त होतं हे मान्य करायला हवं. कोणीही खोटा सेन्सर बसवून ठसे पळवू शकला असता. पण पुढे बाहेर बटण बदललेले काही फोन अपडेटनंतर ‘एरर ५३’ दाखवून पार बंद पडले, फोटोंसकट. आधी खुलासा आला की हे ग्राहकाच्या सुरक्षेसाठी आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीने माफी मागितली, फोन जिवंत करणारं अपडेट दिलं आणि सांगितलं की ही कारखान्यातली तपासणी होती, ग्राहकांच्या फोनवर तिचा परिणाम व्हायलाच नको होता. ठशाचा सेन्सर बंद ठेवणं ही सुरक्षा झाली, अख्खा फोन बंद पाडणं ही नाही. हा फरक तेव्हा बऱ्याच जणांना पहिल्यांदा उमगला. ऑस्ट्रेलियात प्रकरण न्यायालयात गेलं. बाहेर दुरुस्ती केली म्हणून तुमचा हक्क गेला, असं किमान २७५ ग्राहकांना सांगितल्याबद्दल २०१८ मध्ये ९० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला.

मधल्या काळात बॅटरीचं प्रकरण गाजलं. जुनी बॅटरी असलेले फोन सॉफ्टवेअरने संथ केले जातात हे डिसेंबर २०१७ मध्ये उघड झालं. त्यावर उतारा म्हणून २०१८ हे वर्षभर अमेरिकेत ७९ डॉलरऐवजी २९ डॉलरमध्ये बॅटरी बदलून मिळाली. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्नाचा अंदाज खाली आणला आणि नवे फोन कमी खपण्याची जी कारणं दिली, त्यांत स्वस्तात बदललेल्या बॅटऱ्याही होत्या. दुरुस्तीवाले वर्षानुवर्षं जे ओरडून सांगत होते, त्याची नोंद आता खुद्द कंपनीच्या पत्रात झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये असं दिसलं की बाहेर बॅटरी बदलली तर, अगदी ओरिजिनल बॅटरी घातली तरी, फोन तिचं आरोग्य दाखवायचं सोडून ‘सर्व्हिस’ असा शेरा देतो. सप्टेंबरात आयफोन ११ ने डिस्प्लेबद्दलही तसाच इशारा द्यायला सुरुवात केली.

सगळा गुंता इथून पुढे एका शब्दात साठलेला आहे. दुरुस्तीवाले म्हणतात ‘पार्ट पेअरिंग’, कंपन्या म्हणतात ‘कॅलिब्रेशन’, युरोपच्या नियमांत ‘सिरियलाइज्ड’ (नंबर दिलेला) भाग असा उल्लेख येतो. तिघं एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत असं वाटतं, पण तसं नाही.

कॅलिब्रेशन ही खरी गोष्ट आहे. प्रत्येक डिस्प्लेचा रंग किंचित वेगळा असतो, प्रत्येक बॅटरीची क्षमता वेगळी असते आणि त्या भागाचे आकडे फोनला ठाऊक असले तर तो नीट चालतो. पण हे आकडे पार्टवर साठवता येतात. म्हणून तर दुरुस्तीवाले प्रोग्रामर नावाच्या छोट्या यंत्राने जुन्या डिस्प्लेतला डेटा नव्या डिस्प्लेत उतरवतात आणि ट्रू टोन, म्हणजे भोवतालच्या प्रकाशानुसार स्क्रीनचा रंग जुळवण्याची सोय, परत आणतात. जुन्या बॅटरीवरची सर्किटची छोटी पट्टी कापून नव्या सेलला वेल्ड करतात, म्हणजे फोनला वाटतं बॅटरी तीच. पेअरिंग ही त्यापलीकडची पायरी. पार्ट बसवल्यावर कंपनीच्या सर्व्हरने ‘हा नंबर या फोनचा’ असं मान्य करावं लागतं, आणि तोवर एखादी सोय बंद राहते किंवा इशारा झळकत राहतो. कॅलिब्रेशनला मोजमाप लागतं, पेअरिंगला परवानगी लागते. दोन्ही कामं एकाच बटणावर होत असल्यामुळे एकाच्या नावाने दुसरं खपवता येतं. उलट बाजूही सांगायला हवी. टीकाकार ठशाच्या सेन्सरचं रास्त बंधनही ‘पेअरिंग’ म्हणून त्याच गाठोड्यात टाकतात, आणि मग सुरक्षेचा मुद्दा कंपन्यांच्या हाती आयता जातो.

चोरीचा मुद्दाही पोकळ नाही. २०१३ पासून चोरलेला आयफोन मालकाच्या पासवर्डशिवाय सुरूच होत नाही. त्यामुळे चोराकडे उरतो तो फोन सुटा करून विकण्याचा रस्ता. पार्टला नंबर असेल तर तोही अडतो. पण चोरीचा पार्ट अडवायचा तर चोरीच्या फोनांची यादी पुरते. त्यासाठी प्रत्येक सुट्या भागाला संशयित धरावं लागत नाही.

‘ओरिजिनल’ हा शब्दही तितकाच निसरडा. नॉर्वेच्या कस्टमने २०१७ मध्ये एका छोट्या दुरुस्ती दुकानदाराने आशियातून मागवलेले आयफोनचे ६३ डिस्प्ले अडवले. डिस्प्लेंवर कंपनीचा शिक्का होता, पण तो रंगाने झाकलेला. दुकानदाराचं म्हणणं असं की हे पुन्हा वापरात आणलेले पार्ट आहेत आणि मी ते ओरिजिनल म्हणून विकतच नाही. कंपनीचं म्हणणं असं की झाकलेला असला तरी शिक्का आमचा आहे. २०१८ मध्ये खालचं न्यायालय दुकानदाराच्या बाजूने उभं राहिलं, अपिलात तो हरला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरला. शिक्का ठेवला तर नक्कल, झाकला तरी नक्कल, आणि शिक्का नसलेला पार्ट बसवला तर फोन म्हणतो ‘ओळखू येत नाही’. हा निकाल ट्रेडमार्कच्या कायद्यात बसतही असेल, पण दुरुस्तीच्या धंद्यात त्याचं काय करायचं हे त्यातून कळत नाही.

अमेरिकेत राज्यांचे कायदे २०२२ च्या शेवटापासून येऊ लागले. न्यूयॉर्कचा पहिला, आणि सही होताना पातळ झालेला: सुटा पार्ट देण्याऐवजी जोडून तयार केलेला संच देण्याची मोकळीक कंपन्यांना मिळाली. मग २०२३ मध्ये मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया. कॅलिफोर्नियाने १०० डॉलर किंवा त्याहून महाग वस्तूंना सात वर्षं पार्ट पुरवण्याचं बंधन घातलं. आयफोन बनवणारी कंपनी इतकी वर्षं अशा कायद्यांना विरोध करत आली होती. या कायद्याला तिने ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर पाठिंबा दिला. बातम्यांनी याला हृदयपरिवर्तन ठरवलं. कायद्यात पेअरिंगबद्दल बंदीचं अक्षरही नव्हतं, ही गोष्ट मथळ्यांपर्यंत पोचली नाही. आणखी सहा महिन्यांनी ओरेगॉन राज्याच्या विधेयकात पेअरिंगच्या बंदीचं कलम आलं आणि विरोध परतला, तोही नेमका त्या कलमापुरता. पिक्सेल फोन बनवणाऱ्या कंपनीने मात्र त्या विधेयकाला पाठिंबा दिला.

ओरेगॉनच्या कायद्यावर मार्च २०२४ मध्ये सही झाली. त्याने पेअरिंगचे तीन वापर अडवले: चांगला पार्ट बसू किंवा चालू न देणं, तो बसवल्यावर फोनची कामगिरी घटवणं, आणि पार्टबद्दल दिशाभूल करणारे, लगेच बंद न करता येणारे इशारे दाखवणं. पहिले दोन स्पष्ट आहेत. भांडण तिसऱ्यावर आहे. ‘हा पार्ट ओळखता येत नाही’ हे वाक्य शब्दशः खरंच आहे, असं कंपन्या म्हणतील, आणि जुना फोन विकत घेणाऱ्याला ते कळायला हवं, हेही बरोबर. पण ओरिजिनल, चालू फोनातून काढलेला पार्ट ‘ओळखता येत नाही’ असं जो फोन सांगतो, त्याला ओळखू नये असं शिकवलेलं असतं. खऱ्या वाक्याने दिशाभूल होते की नाही हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही, ‘दिशाभूल करणारे’ या विशेषणावर सोपवला आहे. शिवाय पेअरिंगचं कलम लागू होतं १ जानेवारी २०२५ नंतर पहिल्यांदा बनलेल्या आणि विकलेल्या उपकरणांना. आधीचे कोट्यवधी फोन बाहेरच राहिले.

सही होऊन पंधरवडा झाला आणि आयफोनच्या कंपनीने जाहीर केलं की आयफोन १५ पासून पुढच्या फोनांत वापरलेले ओरिजिनल पार्ट चालतील, आणि त्यांची जुळणी फोनवरच करता येईल. तिच्या म्हणण्यानुसार हे काम दोन वर्षांपासून सुरू होतं. आयओएस १८ सोबत ती सोय आली. त्याच घोषणेत चोरीचं कुलूप पार्टपर्यंत नेण्याचीही बातमी होती, म्हणजे हरवलेल्या फोनचा पार्ट दुसऱ्या फोनात जुळणार नाही. हे आधीही करता आलं असतं.

स्वतः दुरुस्ती करू इच्छिणाऱ्यांसाठी २०२२ पासून कंपनीनेच पार्ट विकायला आणि अवजारं भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. भाडं आठवड्याला ४९ डॉलर, आणि घरी यायच्या दोन पेट्या, मिळून सुमारे ३६ किलो वजनाच्या. पार्ट बसवून झाल्यावर कंपनीच्या माणसाशी संपर्क साधून जुळणी करून घ्यायची ते वेगळंच. दुरुस्तीचा हक्क असा हमालासकट देता येतो हे तेव्हा कळलं.

युरोपने बंदीऐवजी वेगळी वाट धरली. २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत नंबर असलेले भाग वापरायला मनाई नाही. मात्र ते पूर्ण क्षमतेने चालावेत यासाठी लागणारं सॉफ्टवेअर व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना भेदभाव न करता द्यावं लागतं, आणि मॉडेलची विक्री संपल्यावरही सात वर्षं पार्ट पुरवावे लागतात. ‘व्यावसायिक’ कोणाला म्हणायचं यावर पुढे खटके उडतील असं दिसतं. ३१ जुलै २०२६ ही युरोपचा त्यापुढचा निर्देश लागू होण्याची तारीख. रास्त कारणाशिवाय हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअरने दुरुस्ती अडवायला त्यात मनाई आहे, आणि ‘रास्त कारण’ म्हटलं की सुरक्षा, चोरी, कॅलिब्रेशन हे तिघं पुन्हा दारात हजर. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानेही २०२४ मध्ये ओरेगॉनसारखं कलम घेतलं, ते १ जानेवारी २०२६ पासूनचं. ओरेगॉनचा दंड उल्लंघनाच्या प्रत्येक दिवसाला एक हजार डॉलरपर्यंत आहे, पण तो वसूल करण्याचा अधिकार सुरू होतो १ जुलै २०२७ ला. ‘ओळखता येत नाही’ हे शब्द त्या दंडात बसतात का, याची परीक्षा त्याआधी होणं कठीणच.