पाळीव कुत्र्या-मांजरांची घरगुती निगा (मराठवाडा)

पाळीव कुत्र्या-मांजरांचे केस विंचरणे, गरजेनुसार आंघोळ घालणे, नखे कापणे, कान व दात साफ ठेवणे आणि अंगावरचे गोचीड-पिसवा काढणे, ही घरच्या घरी करावयाची कामे निगा या संज्ञेत येतात. मराठवाड्यात या कामांचे स्वरूप पाण्याची टंचाई, कडक उन्हाळा आणि काळी जमीन यांवर ठरते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात कुत्र्याला दर आठवड्याला शाम्पूने न्हाऊ घालणे परवडणारे नाही, आणि खरे पाहता त्याची गरजही नसते.

कुत्र्याच्या त्वचेतून स्रवणारे तेल केसांना व कातडीला संरक्षण देते. वारंवार धुण्याने ते निघून जाते, कातडी कोरडी पडते आणि खाज सुरू होते. त्वचा निरोगी असल्यास महिन्या-दीड महिन्यातून एक आंघोळ बहुतेक कुत्र्यांना पुरते. कुत्र्याच्या त्वचेची आम्लता माणसापेक्षा कमी असल्याने माणसाचा शाम्पू किंवा कपड्यांचा साबण वापरू नये. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा थर केसांत राहतो, म्हणून शेवटचे धुणे शक्य तर साठवलेल्या गोड्या पाण्याने करावे. मांजर खरबरीत जिभेने स्वतःचे अंग साफ करते. तेल-ग्रीस लागले नसेल आणि पशुवैद्यकाने सांगितले नसेल, तर त्याला न्हाऊ घालण्याचे कारण नाही.

खरी मदार विंचरण्यावर असते. लातूर परिसरात पाळल्या जाणाऱ्या कारवान कुत्र्यासारख्या आखूड केसांच्या जनावराला रबरी ब्रश आणि ओल्या फडक्याने पुसणे एवढे पुरते. पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्डच्या अंगावर मात्र केसांचे दोन थर असतात, आणि आतला मऊ थर नियमित विंचरला नाही तर त्याच्या गुठळ्या होतात. उन्हाळ्यात अशा कुत्र्याचे केस वस्तऱ्याने उतरवण्याची चाल चुकीची आहे, कारण हेच केस उन्हापासून कातडीचा बचाव करतात. पर्शियन मांजराला रोज विंचरावे लागते. एरवी चाटताना गिळलेल्या केसांचे गोळे पोटात साठतात.

पावसाळ्यात काळी चिकण माती पंजाच्या गाद्यांमध्ये भरते आणि वाळल्यावर खड्यासारखी कडक होते. ती ओढून न काढता कोमट पाण्यात भिजवून सोडवावी व बोटांमधली जागा कोरडी करावी. पावसाळा सरताना कुसळी गवताची कुसळे आणि सराटे यांचा त्रास सुरू होतो. कुसळ बोटांच्या बेचक्यात किंवा कानात शिरले की पुढेच सरकत जाते, म्हणून शेतातून परतलेल्या कुत्र्याचे पंजे व कान त्याच दिवशी तपासावेत.

गोचीड हा या प्रदेशातील सर्वांत चिवट प्रश्न आहे. कुत्र्यावरील तपकिरी गोचिडामुळे एर्लिकिओसिस व बबेसिओसिस हे रक्ताचे आजार पसरतात. रक्त पिऊन टम्म झालेली मादी कुत्र्याचे अंग सोडते, भिंतीवर चढते आणि भेगांमध्ये हजारो अंडी घालते. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घरांतील लाकडी तुळया व मातीच्या भिंतींची फट तिला चांगली मानवते. त्यामुळे केवळ कुत्र्याला औषध लावून गोचीड हटत नाहीत. अंथरूण उन्हात टाकणे आणि भेगा लिंपून घेणे तितकेच आवश्यक असते. कानाच्या पाळीत, पट्ट्याखाली व बोटांच्या मधे गोचीड लपतात. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावे व साबणाच्या पाण्यात टाकावे; नखाने चिरडू नये. रॉकेल चोळण्याचा जुना उपाय कातडी भाजतो आणि चाटल्यावर पोटात विष जाते.

गोठ्यासाठी आणलेले फवारणीचे औषध कुत्र्या-मांजरांवर मारण्याची सवय याहून घातक आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाला जितक्या मायेने धुतले जाते, तितका विचार घरातल्या मांजराच्या वाट्याला क्वचितच येतो. अशा फवारणीच्या औषधांतील पर्मेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी द्रव्ये मांजराच्या यकृतात नीट निष्प्रभ होत नाहीत; लाळ गळणे, थरथर आणि झटके येऊन मांजर दगावू शकते. कुत्र्यासाठीचे पर्मेथ्रिनयुक्त थेंबही मांजराला लावू नयेत.

नखांच्या आत रक्तवाहिनी असलेला जिवंत भाग असतो. पांढऱ्या नखात तो गुलाबी दिसतो, काळ्या नखात दिसत नाही, म्हणून तेथे टोकाचे अगदी थोडे थोडेच कापावे. पायाच्या आतल्या बाजूला थोडे वर अंगठ्याचे नख असल्यास तेही पाहावे. ते जमिनीला घासत नसल्याने वळून मांसात रुतू शकते. कानात काडी घालू नये, दिसेल तेवढाच भाग कापसाने पुसावा. दातांना माणसाची टूथपेस्ट वर्ज्य आहे, कारण कुत्रे-मांजर ती थुंकत नाहीत आणि काहींत कुत्र्याला विषारी असलेले झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असते.

जनावराच्या निगेचा घरातील माणसांच्या आरोग्याशी थेट संबंध आहे. अंगावर गोल चट्टे पडून केस जात असल्यास तो नायटा असू शकतो, आणि तो मुलांना लागतो. मांजराच्या शौचपेटीतील विष्ठा रोज काढावी, कारण त्यातील टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचे जंतू संसर्गक्षम होण्यास किमान एक दिवस लागतो. गर्भवती स्त्रीने हे काम टाळावे. नखे कापताना ओरखडा किंवा चावा लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्वरित दवाखाना गाठावा. परभणी व उदगीर येथील पशुवैद्यकीय महाविद्यालये महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अंतर्गत येतात. घरगुती उपायांना न जुमानणारी खाज, कानाची दुर्गंधी किंवा गोचिडांनंतरचा ताप असल्यास अशा ठिकाणी किंवा जवळच्या पशुवैद्यकाकडे तपासणी करून घ्यावी.