कोकणात आणलेला मेपल उठत का नाही

दरवर्षी डिसेंबर संपत आला की दापोलीचा पारा दहाच्या आसपास घसरल्याची बातमी येते, मिनी महाबळेश्वर गारठलं वगैरे, आणि लगेच बोन्सायवाल्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो: थंडी आली, झाडं झोपली, पाणी अर्धं करा, खत बंद, झाड अंधाऱ्या थंड खोलीत हलवा. गेल्या वर्षी हे वाचून आमच्या शेजारच्या वहिनींनी आठ वर्षं ट्रेमध्ये जपलेला नांद्रुक (वडाच्या कुळातलंच झाड) खळ्यातून, म्हणजे अंगणातून, उचलून माजघरात कोपऱ्यात ठेवला, आठवड्यातून एकदा पाणी, आणि फेब्रुवारीत मला हाक मारली, "भाऊ, जरा येऊन बघा हो, सगळी पानं गळली, झोपलंय की गेलंय?" गेलं नव्हतं, पण निम्म्या फांद्या वाळल्या होत्या. तो मेसेज जपान-अमेरिकेच्या कॅलेंडरवरून उचललेला असतो आणि तिथल्या झाडांसाठी त्यातलं बरंचसं बरोबरही आहे, पण गुहागर-रत्नागिरी-मालवणच्या हवेत तो पाळला तर चांगलं झाड हातचं जातं. हे असं का, ते नीट सांगावं म्हणून लिहितोय.

आधी झोप म्हणजे काय ते बघू, कारण सगळा घोळ या एका शब्दामुळे होतो. थंड देशातल्या झाडाची एक विश्रांती अगदी साधी असते, बाहेर गार आहे म्हणून झाड थांबलेलं असतं आणि ऊब मिळाली की चालू. दुसरी मात्र वेगळीच आहे. तिकडच्या मेपलची किंवा सफरचंदाची फांदी नोव्हेंबरात तोडून उबदार खोलीत पाण्यात ठेवली तर काही होत नाही, डोळे, म्हणजे फांदीवरचे बंद कोंब, मिटलेलेच राहतात. तीच फांदी फेब्रुवारीच्या शेवटी तोडून आणा, काही दिवसांत डोळे फुटतात. खोली तीच, पाणी तेच, ऊबही तीच. म्हणजे नोव्हेंबरात झाडाला बाहेरच्या थंडीने अडवलेलं नव्हतं, त्याला आतूनच कुलूप लागलेलं होतं, आणि मधल्या दोन-तीन महिन्यांत कोणीतरी ते उघडलं. ते काम थंडीने केलं! थंडीमुळे झाड झोपतं असं आपण धरून चालतो, पण झोप संपवायचं कामही थंडीच करते, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी अक्षरशः दोन दिवस तेवढंच वाचत बसलो होतो.

आता ते कुलूप. डोळ्याच्या टोकाला, खवल्यांच्या आत, मोजक्या पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो आणि पुढची सगळी फांदी, पानं, फुलं त्यातूनच होतात. वनस्पतींच्या पेशींना जाड भिंती असतात हे शाळेत शिकलोय, पण त्या भिंतींना आरपार अतिशय बारीक बोगदे असतात, त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात, आणि एका पेशीतून दुसऱ्या पेशीत साखर, हार्मोन, प्रोटीन, 'वाढ आता' हा निरोपसुद्धा या बोगद्यांतून जातो. दिवस लहान व्हायला लागले की पानातलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य ते ओळखतं. लाल प्रकाशात त्याचं एक रूप असतं आणि अंधारात ते हळूहळू दुसऱ्या रूपात जातं, त्यामुळे रात्र किती लांबली याचा हिशेब पानाला लागतो. मग वाढीचा निरोप पाठवणं कमी होतं, टोकाला बंद डोळा तयार होतो आणि त्यात ॲब्सिसिक ॲसिड नावाचं हार्मोन वाढतं, उन्हाळ्यात पाणी तुटलं की पानांची छिद्रं मिटायला लावतं तेच हे. या हार्मोनच्या सांगण्यावरून प्रत्येक बोगद्याच्या तोंडाशी कॅलोज नावाचा पदार्थ साचायला लागतो. कॅलोज म्हणजे ग्लुकोजचीच साखळी, पण जोडणी सेल्युलोजपेक्षा वेगळी. बोगद्याला बूच बसतं. आता बाहेर ऊन पडो, झाडाला खत घाला, खालून वाढीचा निरोप येऊ दे, तो त्या पुंजक्यापर्यंत पोचतच नाही.

हे सगळं नुसतं तर्काने मांडलेलं नाहीये. २०१८ साली 'सायन्स' या नियतकालिकात स्वीडनमधल्या उमिओ इथल्या गटाचा पेपर आला, त्या गटाचे प्रमुख ऋषिकेश भालेराव, आडनाव वाचून मला किती आनंद झाला काय सांगू. त्यांनी ॲस्पेन नावाच्या थंड प्रदेशातल्या झाडात असा बदल केला की ॲब्सिसिक ॲसिडचं सांगणं त्याला ऐकूच येऊ नये. ही झाडं लहान दिवसांत वाढायची थांबली, पण बोगद्यांना बुचं बसली नाहीत, आणि दिवस मोठे केल्याबरोबर थंडी न मिळताच फुटली. मग त्यांनी त्याच बहिऱ्या झाडांमध्ये दुसऱ्या एका प्रोटीनने बोगदे मुद्दाम बंद केले आणि झोप परत आली! म्हणजे हार्मोन हे फक्त बूच बसवणारं, झोप असते ती त्या बुचात.

आणि बूच काढणारं? तर शून्य ते सात अंशांच्या आसपासची थंडी आठवड्यांमागून आठवडे मिळत गेली की डोळ्यात जिबरेलिन नावाचं दुसरं हार्मोन वाढतं, आणि कॅलोज तोडणारी एन्झाइम तयार होऊन बोगद्यांशी पोचतात. बुचं विरघळतात. जिबरेलिनचं नाव आपल्या आंबेवाल्यांना ओळखीचं नसलं तरी 'कल्टार' माहीत आहे, ते पॅक्लोब्युट्राझोल झाडात हेच जिबरेलिन तयार होऊ देत नाही, म्हणून पालवीचा जोर कमी होऊन मोहोराला वाव मिळतो. (हापूसला मोहोरासाठी गारवा लागतो हे खरं, पण त्याला रात्री पंधरा-अठरा अंशांपर्यंत उतरल्या तरी पुरतं, आणि तो गारवा मोहोराच्या कामाचा, कॅलोजचं कुलूप उघडण्याशी त्याचा संबंध लावू नका.) सफरचंदाच्या जुन्या जातींना कुलूप उघडायला थंडीचे साधारण ८०० ते १००० तास लागतात, म्हणजे सलग धरले तरी महिन्याच्या वर.

आणखी एक जुना प्रयोग सांगतोच. अमेरिकेत फ्रेडरिक कोविल नावाचा वनस्पतीशास्त्रज्ञ ब्लूबेरीवर काम करत होता, त्याचं काम १९२० साली छापून आलं. त्याने उबदार काचघरात ठेवलेल्या झाडाची एक फांदी भिंतीतल्या भोकातून बाहेर थंडीत काढली. वसंतात बाहेरची फांदी पानांनी भरली आणि आतलं बाकीचं झाड तसंच मिटलेलं, मुळं तीच असून! म्हणजे थंडीचे तास प्रत्येक डोळा आपापले मोजतो. म्हणूनच कुंडीत मातीवर बर्फाचे खडे ठेवून 'घरच्या घरी विंटर' करायचे जे व्हिडिओ फिरतात त्यांना काही अर्थ नाही, थंडी डोळ्यांना हवी असते, मुळांवर बर्फ ठेवून फक्त मुळं दुखावतात.

आता हे आपल्या किनाऱ्यावर आणून बघा. रत्नागिरीचा सगळ्यात लहान दिवस सुमारे अकरा तासांचा आणि सगळ्यात मोठा तेराच्या थोडा वर, टोकियोत हाच फरक पावणेदहा ते साडेचौदा तास. पहाटेचा पारा भर जानेवारीत सरासरी अठरा-एकोणीस, दुपारी तीसच्या वर. दापोलीची बातमीतली ती एक-दोन रात्रीची थंडीसुद्धा सहसा सातच्या वरच. तर एखाद्या प्रदर्शनातून मोठ्या हौसेने आणलेल्या जपानी मेपलचं काय होतं, डिसेंबरात अकरा तासांच्या दिवसाने त्याला कुलूप अर्धवट का होईना लागतं, आणि उघडायला थंडी येतच नाही. मार्चमध्ये चार डोळे फुटतात, दहा मिटलेले राहतात, पानं उशिरा आणि खुरटी, त्यात मे महिन्याचं ऊन, झाड खोडातला साठवलेला स्टार्च वापरत जगतं आणि दोन-तीन वर्षांत संपतं. माझे दोन गेले, काळजीत कुठे कमी पडलो नव्हतो. इंडोनेशियात बटू भागातले शेतकरी यातून वाट काढतात, सफरचंद उतरवलं की झाडाची पानं हाताने ओरबाडतात, कुलूप बसायच्या आतच नवे डोळे फोडायला लावतात. पण त्यांची बाग डोंगरात उंचावर आहे आणि सफरचंदाच्या झाडाएवढा साठा ट्रेमधल्या मेपलकडे नसतो. ज्युनिपर जास्त टिकतो, पण त्याच्याबद्दल एक सांभाळा, मूळ मेल्यावरही तो कित्येक आठवडे हिरवा दिसतो, त्यामुळे विकत घेताना तो जिवंत आहे हे नुसत्या रंगावरून धरू नका.

आपल्या झाडांना विश्रांती नाही असं मात्र नाही. सावर बघा, थंडीत नागडी होते आणि नंतर लाल फुलांनी भरते, पळस-पांगारा तसेच, पिंपळ माघ-फाल्गुनात पानं टाकून आठ-पंधरा दिवसांत तांबूस पालवी काढतो. ही विश्रांती पाण्याच्या हिशेबाची असते, जमीन कोरडी पडत जाते, झाड पानं टाकून पाण्याचा खर्च थांबवतं. आणि मजा म्हणजे पालवी पावसाची वाट बघत नाही, मार्च-एप्रिलच्या रखरखाटातच येते. उष्ण प्रदेशातल्या अशा कोरड्या जंगलांवर कोस्टारिका, थायलंड वगैरे ठिकाणी अभ्यास झालाय, २००२ साली तो छापून आला, त्यात बऱ्याच झाडांना दिवस अर्ध्या तासाहूनही कमी वाढला तरी पालवीचा इशारा पुरतो असं दिसलं. आपल्या दोन तासांच्या फरकातलेसुद्धा अर्धा तास झाड ओळखू शकतं.

म्हणून नांद्रुक, वड, उंबर, चिंच, कामिनी, करवंद, बोगनवेल ही कोकणातली ट्रेमधली झाडं थंडीत घरात नेऊ नका. त्यांना ते कुलूपही लागत नाही आणि थंडीही नको असते, उजेड हवा असतो, आणि अंधारात नेलेला नांद्रुक झोप म्हणून पानं गाळत नाही, उजेड तुटला म्हणून गाळतो. पाण्याचं तर उलटंच आहे. नोव्हेंबरपासून सकाळी घाटाकडून कोरडा मतलई वारा सुटतो, दुपारी तिशी पार, आणि दोन इंच खोल ट्रे किती वेळ ओला राहणार. बोट पेरभर मातीत घाला, कोरडं लागलं की तळातून पाणी येईपर्यंत घाला, कॅलेंडर बघून नको. बोगनवेलीला मात्र जरा ताण द्या, ती त्यावरच फुलते.

पिंपळाने किंवा चिंचेने फेब्रुवारीत पानं टाकली की लोक घाबरून पाणी वाढवतात, तिथे चूक होते. पानं नाहीत म्हणजे पाणी ओढणारं कोणी नाही, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. बारीक फांदीची साल नखाने जरा खरवडा, आत हिरवं ओलसर दिसलं की झाड ठीक आहे, माती वरून सुकेपर्यंत थांबा. डोळे फुगायला लागले की कुंडी बदलायची हीच वेळ, मुळं छाटून नव्या मिश्रणात, जांभ्याची किंवा विटेची बारीक खडी, नदीची जाडी रेती, थोडं कोकोपीट, आणि नंतर दोन आठवडे सावली, महिनाभर खत नाही. हे हुकलं तर जूनचा पहिला पाऊस. फांदीला वळण द्यायला तार बांधली असेल तर पाऊस लागायच्या आत तपासा, पावसाळ्यात फांद्या इतक्या भराभर जाड होतात की तार सालीत रुतते. आणि तीन हजार मिलिमीटरच्या पावसात ट्रेच्या एका बाजूखाली चिऱ्याचा तुकडा सरकवून ठेवला की पाणी साचत नाही.

बोन्साय घरात असलं की माणसांची प्रगती खुंटते असं सांगून लोक चांगली झाडं टाकून देतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं. बोन्सायची वाढ कोणी थांबवत नाही, ते दरवर्षी नवी पानं आणि नवी मुळं काढतं, आपण फक्त छाटतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे, १६२५ पासून जोपासलेला, १९४५ मध्ये हिरोशिमात बॉम्ब पडला तेव्हा यामाकी कुटुंबाच्या घरी होता, तिथून वाचला आणि १९७६ मध्ये त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला. घरात ठेवू नका याचं खरं कारण एवढंच की बहुतेक झाडांना घरातला उजेड पुरत नाही.

वहिनींचा नांद्रुक आम्ही परत खळ्यात आणला, आधी आंब्याच्या सावलीत आणि मग हळूहळू उन्हात, वाळलेल्या फांद्या हिरव्या सालीपर्यंत कापल्या. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जुन्या खोडातूनच नवे डोळे फुटले, सातेक तरी असतील. यंदा मेसेज आला तेव्हा त्यांनी ट्रे जागचा हलवला नाही.