दात पुन्हा येणे थांबले कसे?

मगरीचा गळलेला दात पोकळ असतो आणि त्याला मूळ नसते. मूळ तुटून जबड्यात राहिले, असे नाही. ते नव्या दातासाठी विरघळवले गेलेले असते. मगरीच्या प्रत्येक खोबणीत तीन पिढ्या एकत्र नांदतात: वापरातला दात, त्याच्या जिभेकडच्या बाजूला वाढणारा वारसदार आणि पुढच्या दाताचे बीज सांभाळणारी पेशींची पट्टी, म्हणजे दंतपट्टिका. वारसदार वाढू लागला की जुन्या मुळाची आतली भिंत झिजते, तो पोकळीत शिरतो आणि वर सरकत जुना दात ढकलून देतो. हे साधारण वर्षातून एकदा, आयुष्यभरात एकेका जागी पन्नासेक वेळा.

डायनोसॉरचा हिशेबही मांडता येतो. डेंटिनवर, म्हणजे दाताच्या आतल्या मुख्य कठीण भागावर, रोज एक सूक्ष्म थर चढतो. वापरातल्या दाताच्या थरांतून वारसदाराचे थर वजा केले की दोघांच्या वयातला फरक, म्हणजेच बदलाचा काळ, मिळतो. डिप्लोडोकसमध्ये तो सुमारे 35 दिवस निघाला, टी. रेक्समध्ये दोन वर्षांहून जास्त.

इतकी सोय सस्तन प्राण्यांनी का सोडली? चावण्यासाठी. वरच्या दाढेचा उंचवटा खालच्या दाढेच्या खोलगट भागात नेमका बसला तरच अन्न कातरले जाते, आणि सतत गळणाऱ्या दातांची अशी जोडी जमत नाही. सस्तन प्राण्यांचा आद्य नातलग असलेल्या, चीनमधल्या सिनोकोनोडॉनचे पुढचे दात अनेकदा बदलत आणि त्याच्या दाढा एकमेकींवर नीट बसत नसत. सुमारे 20 कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गनुकोडॉन या दुसऱ्या आद्य नातलगाचे पुढचे दात एकदाच बदलत, दाढा कधीच नाही. त्या दाढांवर परस्परांशी जुळणाऱ्या घासखुणा दिसतात.

मात्र एकाच संचावर भागत नाही. इनॅमल, म्हणजे दातावरचे टणक आवरण, बनवणाऱ्या पेशी दात उगवताना नष्ट होतात, त्यामुळे उगवलेला दात मोठा होत नाही. जबडा मात्र वाढतो. म्हणून लहान जबड्यासाठी एक संच, मोठ्यासाठी दुसरा, आणि मागे जागा होईल तशा दाढा. (आपण दाढांना कायमचे दात म्हणतो, पण उत्पत्तीने त्या दुधाच्या दातांच्याच मालिकेतल्या, उशिरा आलेल्या.) पिल्लू आईच्या दुधावर वाढत असल्याने दात उशिरा आले तरी चालते. तरीही दात कमी वेळा बदलण्याचे सगळे श्रेय दुधाला देणे घाईचे ठरेल: साध्या बागेतल्या सरड्याचे मागचे दात जबड्याच्या कडेला कायमचे सांधलेले असतात, ते बदलत नाहीत, आणि जबडा लांबेल तसे मागे नवे जोडले जातात. तिथे दूध नाही.

माणसात कायमच्या दातांची बीजे तयार झाल्यावर दंतपट्टिका तुटून विरते. पण हाडे घडवण्यात महत्त्वाच्या असलेल्या रनएक्स2 जनुकात बिघाड असलेल्या काहींच्या जबड्यात जादा दात तयार होतात. ते बहुधा आतच अडकतात, कारण वाटेतले हाड आणि दुधाच्या दातांची मुळे पुरेशी विरघळत नाहीत.