उपाध्यक्षपद, अमेरिकेचे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या संघराज्यातील अध्यक्षाखालोखालचे निर्वाचित पद. मूळ घटनेने उपाध्यक्षाकडे फारच थोडी कामे सोपविली : सिनेटचे (विधिमंडळाच्या वरिष्ठ सभागृहाचे) अध्यक्षस्थान सांभाळणे, तेथे मते समसमान पडल्यास निर्णायक मत देणे, आणि अध्यक्षपद रिक्त झाल्यास किंवा अध्यक्ष असमर्थ ठरल्यास त्याची जागा घेणे. ‘जागा घेणे’ म्हणजे नेमके काय, हे मात्र संदिग्ध राहिले आणि त्याचा लेखी उलगडा होण्यास १९६७ साल उजाडावे लागले. या पदाचा कायदेशीर इतिहास बव्हंशी त्या संदिग्धतेभोवतीच फिरतो.

उगम : ६ ऑगस्ट १७८७ रोजी फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेपुढे आलेल्या मसुद्यात हे पद नव्हते. अध्यक्षाची निवड विधिमंडळाने करावी, सिनेटने आपला सभापती स्वतः निवडावा आणि अध्यक्षपद रिकामे झाल्यास त्या सभापतीने काम पाहावे, अशी तेव्हाची योजना होती. परिषद उठण्यास दोन आठवडेही उरले नसताना, ४ सप्टेंबरला, अकरा सदस्यांच्या समितीने निर्वाचकगणाची (राज्यांनी नेमलेल्या निर्वाचकांनी अध्यक्ष निवडण्याची) पद्धत सुचविली आणि तिच्याबरोबरच उपाध्यक्षपद आले. निर्वाचक आपल्याच राज्याच्या माणसाला मत देतील ही धास्ती होती; म्हणून प्रत्येकाने दोन नावांना मत द्यावे व त्यांतील किमान एक नाव परराज्यातले असावे, असे ठरले. दुसरे मत कोणी उगाच उधळू नये यासाठी त्यालाही काही मोल हवे होते. नॉर्थ कॅरोलायनाचे ह्यू विल्यम्सन यांनी ७ सप्टेंबरच्या चर्चेत हे स्वच्छ सांगितले : असा अधिकारी कोणाला नकोच होता, एकाच वेळी दोघांची निवड करणाऱ्या पद्धतीसाठी तो आणला गेला. सिनेटचे अध्यक्षस्थान दिले नाही तर या माणसाला कामच उरणार नाही, असे रॉजर शर्मन यांचे म्हणणे होते. एल्ब्रिज गेरी यांनी पदालाच विरोध केला. पुढे १८१३ मध्ये तेच पाचवे उपाध्यक्ष झाले.

काही अभ्यासक या पदाचे मूळ वसाहतींमधील उपगव्हर्नरांत शोधतात. न्यूयॉर्कच्या १७७७ च्या घटनेत उपगव्हर्नर हाच राज्य सिनेटचा अध्यक्ष होता, आणि अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७८८ मध्ये घटनेच्या समर्थनार्थ लिहिताना त्याचाच दाखला दिला. परंतु तो दाखला मसुदा पक्का झाल्यानंतरचा आहे. विल्यम्सन यांचे विधान प्रत्यक्ष चर्चेतले असल्याने निवडणूक पद्धतीची निकड हेच मूळ कारण मानणे अधिक सयुक्तिक दिसते. न्यूयॉर्कचा नमुना कामे नेमून देण्यापुरता उपयोगी पडला असावा.

ती निवडणूक पद्धत फार काळ टिकली नाही. १७९६ मध्ये परस्परविरोधी गटांचे जॉन ॲडम्स व टॉमस जेफरसन अनुक्रमे अध्यक्ष व उपाध्यक्ष झाले. १८०० च्या निवडणुकीत जेफरसन व ॲरन बर या एकाच पक्षाच्या उमेदवारांना प्रत्येकी ७३ मते पडली आणि प्रतिनिधिगृहात (विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात) छत्तिसाव्या फेरीत जेफरसन निवडून आले. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठी स्वतंत्र मतदान सुरू केले. ज्या कारणासाठी हे पद निर्माण झाले ते कारण येथेच संपले. पद रद्द करावे अशी सूचनाही तेव्हा पुढे आली होती. ती मान्य झाली नाही.

उत्तराधिकाराचा वाद : दुसऱ्या अनुच्छेदातील तरतूद अशी, की अध्यक्षाचा मृत्यू, राजीनामा, पदच्युती किंवा पदाचे अधिकार व कर्तव्ये पार पाडण्याची असमर्थता या प्रसंगी ‘ते’ उपाध्यक्षाकडे जाईल. इंग्रजी मूळ वाक्यात हे सर्वनाम ‘पदा’ला लागते की ‘अधिकार व कर्तव्यां’ना, हे व्याकरणाने ठरत नाही. परिषदेने आधी मान्य केलेला मजकूर अधिक स्पष्ट होता : दुसरा अध्यक्ष निवडला जाईपर्यंत किंवा अध्यक्षाची असमर्थता दूर होईपर्यंत उपाध्यक्षाने ते अधिकार वापरावेत. भाषा नेटकी करण्यासाठी नेमलेल्या समितीने दोन तरतुदी एकत्र केल्या, तेव्हा मुदतीचे शब्द वाक्याच्या उत्तरार्धात गेले आणि तेथे ते केवळ काँग्रेसने (अमेरिकेच्या विधिमंडळाने) नेमलेल्या अधिकाऱ्याला लागू होतात असे दिसू लागले. या समितीला आशय बदलण्याचा अधिकार नव्हता. त्यामुळे घटनाकारांना उपाध्यक्ष केवळ कार्यवाहक म्हणून अभिप्रेत होता, हे बहुतेक अभ्यासकांचे मत ग्राह्य धरावयास हरकत नाही.

प्रत्यक्षात घडले ते उलट. ४ एप्रिल १८४१ रोजी अध्यक्ष विल्यम हेन्री हॅरिसन पदावर आल्यापासून महिन्याभरातच वारले. मंत्रिमंडळाने व्हर्जिनियातील विल्यम्सबर्गला पाठविलेल्या पत्रात जॉन टायलर यांना ‘उपाध्यक्ष’ असेच संबोधले होते. टायलर ६ तारखेला पहाटे वॉशिंग्टनला पोहोचले आणि त्याच दिवशी एका हॉटेलात न्यायाधीश विल्यम क्रँच यांच्यासमोर त्यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली. क्रँच यांनी दिलेले प्रमाणपत्र बारकाईने वाचण्याजोगे आहे. उपाध्यक्ष म्हणून घेतलेल्या शपथेनेच आपण अध्यक्षपदास पात्र आहोत असे टायलर मानतात. तरीही शंका निघू शकतात म्हणून अधिक खबरदारी घेऊन त्यांनी ही शपथ घेतली, असे त्यात नमूद आहे. म्हणजे वाद होणार याची जाणीव टायलर यांना होती आणि आपण केवळ कार्यवाहक नाही, ही भूमिका त्यांनी पहिल्याच कागदावर नोंदवून ठेवली. माजी अध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी रोजनिशीत यावर आक्षेप नोंदविला. सिनेटमध्ये टायलर यांना ‘अध्यक्षपदाची कामे पाहणारे उपाध्यक्ष’ म्हणावे अशी सूचना आली, ती ३८ विरुद्ध ८ मतांनी फेटाळली गेली. फिलमोर (१८५०), अँड्र्यू जॉन्सन (१८६५), आर्थर (१८८१), थिओडोर रूझवेल्ट (१९०१), कूलिज (१९२३), ट्रुमन (१९४५) व लिंडन जॉन्सन (१९६३) हे सारे याच पायंड्याने पूर्ण अध्यक्ष झाले.

मृत्यूच्या प्रसंगी हा पायंडा सोयीचा ठरला, आजारपणात मात्र तो नडला. उपाध्यक्ष एकदा अध्यक्ष झाला तर बरा झालेला अध्यक्ष परत कसा येणार, याला उत्तर नव्हते. १८८१ मध्ये गोळी लागलेले अध्यक्ष गारफिल्ड २ जुलैपासून १९ सप्टेंबरपर्यंत अंथरुणाला खिळून होते. उपाध्यक्ष आर्थर यांनी सूत्रे हाती घेतल्यास गारफिल्ड कायमचे पदभ्रष्ट होतील अशी भीती मंत्रिमंडळात व्यक्त झाली आणि आर्थर पुढे आले नाहीत. ऑक्टोबर १९१९ मध्ये अध्यक्ष विल्सन यांना पक्षाघात झाला, तेव्हा उपाध्यक्ष टॉमस मार्शल यांनीही तीच सावधगिरी बाळगली. देशाचा कारभार मात्र त्या काळात रेंगाळला.

भारताच्या राज्यघटनेने ही संदिग्धता येऊ दिली नाही. उपराष्ट्रपती राज्यसभेचा पदसिद्ध सभापती असतो. परंतु राष्ट्रपतिपद रिक्त झाल्यास नवी निवड होईपर्यंतच तो काम पाहतो, आणि ती निवड सहा महिन्यांच्या आत व्हावी लागते.

पंचविसावी घटनादुरुस्ती (१९६७) : केनेडी यांच्या हत्येनंतर सिनेटर बर्च बे यांच्या पुढाकाराने ती आली. अध्यक्ष मरण पावल्यास, राजीनामा दिल्यास किंवा पदच्युत झाल्यास उपाध्यक्ष ‘अध्यक्ष होतो’, हा टायलर यांचा अर्थ पहिल्या कलमाने मान्य केला. असमर्थतेपुरता तो कार्यवाहक अध्यक्ष राहतो. रिकामे उपाध्यक्षपद भरण्याची सोयही प्रथमच झाली. तोपर्यंत ते पद सोळा वेळा रिकामे पडले होते : सात उपाध्यक्षांचा मृत्यू, आठ जणांची बढती आणि १८३२ मधील कॅल्हून यांचा राजीनामा. १९७३ मध्ये अ‍ॅग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर फोर्ड आणि १९७४ मध्ये फोर्ड अध्यक्ष झाल्यावर रॉकफेलर, असे दोन उपाध्यक्ष या मार्गाने आले. अध्यक्षाने स्वतः तात्पुरते अधिकार सोपविल्याचे प्रसंग शस्त्रक्रिया व वैद्यकीय तपासणीपुरतेच आहेत. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी कमला हॅरिस सुमारे ८५ मिनिटे कार्यवाहक अध्यक्ष होत्या. अध्यक्षाच्या संमतीविना त्याला असमर्थ ठरविणारे चौथे कलम अद्याप वापरले गेलेले नाही.

राजकीय वजन : हे पद कार्यपालिकेचे की विधिमंडळाचे, यावर दीर्घकाळ एकमत नव्हते. मंत्रिमंडळाच्या बैठकींना नियमित बसण्याची प्रथा विसाव्या शतकातली. अणुबाँबच्या प्रकल्पाची नीट माहिती नसताना ट्रुमन अध्यक्ष झाले. १९४९ च्या कायद्याने उपाध्यक्ष राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचा सदस्य झाला. १९७७ पासून वॉल्टर माँडेल यांना व्हाइट हाउसच्या वेस्ट विंगमध्ये कचेरी मिळाली आणि सल्लागार म्हणून उपाध्यक्षाची आजची भूमिका तेथून आकाराला आली.

निर्वाचकांची मते उपाध्यक्षाने सिनेटचा अध्यक्ष या नात्याने काँग्रेससमोर उघडावयाची असतात. ती नाकारण्याचा अधिकार त्याला आहे का, हा प्रश्न ६ जानेवारी २०२१ रोजी पेटला. तेव्हाचे उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी तसा अधिकार नसल्याचे लेखी जाहीर केले. २०२२ च्या कायद्याने ही भूमिका निव्वळ औपचारिक असल्याचे स्पष्ट केले. दोनदा निवडून आलेला माजी अध्यक्ष उपाध्यक्ष होऊ शकतो काय, याबाबत बाराव्या व (दोनपेक्षा अधिक वेळा अध्यक्षपदी निवडून येण्यास मनाई करणाऱ्या) बाविसाव्या दुरुस्तीच्या शब्दांवरून मतभेद आहेत. त्यावर न्यायालयाचा निर्णय झालेला नाही.