नशेला जागाही आठवते

हेरॉईन, आपल्याकडचं गर्द म्हणजे त्याचाच भेसळीचा अवतार, जीव घेतं ते श्वास थांबवून. मेंदूच्या बुडाशी श्वास चालू ठेवणाऱ्या पेशींना ते गुंगवतं. मात्र मुरलेला गर्दुल्ला नवख्याला संपवेल एवढी मात्रा पचवतो. अंगाला सवय झाली, असं आपण म्हणतो. पण मग काल पचलेल्या मात्रेनेच आज कुणी दगावतो, ते कसं?

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या शेपर्ड सीगल यांनी १९८२ मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना एका खोलीत हेरॉईन टोचायचं, मात्रा हळूहळू चढवत न्यायची. दुसऱ्या खोलीत नुसतं साखरेचं पाणी टोचायचं. शेवटी सगळ्यांना एकच जबर मात्रा. ज्यांना हेरॉईन आधी कधीच मिळालं नव्हतं, ते जवळपास सगळे मेले, ९६ टक्के. सरावलेल्यांपैकी नेहमीच्या खोलीत ३२ टक्के मेले आणि साखरपाण्याच्या खोलीत ६४ टक्के. औषध तेच, सराव तेवढाच. बदलली ती फक्त खोली!

सीगल यांचं म्हणणं असं, की ओळखीची जागा दिसताच मेंदू हेरॉईनच्या उलट दिशेने शरीराची तयारी करून ठेवतो. नव्या जागी ही तयारीच होत नाही. याची दुसरी बाजू मला अधिक क्रूर वाटते. ओळखीची जागा आहे, तयारी झाली आहे, आणि गर्द मात्र मिळालं नाही. मग ती तयारीच अंगावर येते. नशा सोडलेल्या माणसाला जुन्या अड्ड्यापाशी एकाएकी तलफ येते, त्यामागे हेही एक कारण मानलं जातं.

व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी अभ्यास केला. साधारण पाचवा हिस्सा तिथे हेरॉईनच्या आहारी गेला होता. मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे ५ टक्केच पुन्हा अडकले. सगळं श्रेय जागेला देता येणार नाही. युद्ध मागे पडलं होतं, आणि घरी हेरॉईन महागही होतं.

मग उपचारकेंद्रात सुई, पुडी पुन्हा पुन्हा दाखवायची, नशा मात्र द्यायची नाही, म्हणजे ओढ विझेल, असाही उपाय करून पाहिला गेला. केंद्रात ती विझतेही. बाहेर मात्र पुष्कळदा परत पेटते, कारण मेंदूने हा नवा धडाही त्या खोलीपुरताच गिरवलेला असतो.