कोरडं खुराडं आणि राखेची पेटी

कपाशीची फवारणी आटोपली की पंपाच्या तळाशी ग्लासभर औषध उरतंच. ते फेकायला जीव होत नाही. मग घरी आल्यावर ते खुराड्याच्या दारात, कोंबड्या रात्री बसतात त्या बांबूवर, उकिरड्यावर मारलं जातं. माशा मरतात, हे खरं. पण आपल्याकडे विषालाही औषधच म्हणतात, आणि त्या एका शब्दाने बराच घात केला आहे.

2017 सालच्या दोन घटना आठवा. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्याच वर्षी नेदरलँड्स, बेल्जियम आणि जर्मनीत लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. तिथे कोंबड्यांच्या लाल माइटवर, म्हणजे रात्री रक्त पिणाऱ्या अगदी बारीक किडीवर, मारायच्या द्रावणात फिप्रोनिल हे कीटकनाशक बेकायदा मिसळलेलं होतं. फिप्रोनिल पाण्यापेक्षा चरबीत सहज विरघळतं. ते कोंबडीच्या कातडीतून आणि चोचीवाटे आत जातं, चरबीत साठतं आणि तिथून अंड्याच्या बलकात उतरतं, कारण बलकात साधारण 30 टक्के स्निग्धांश असतो. हेच फिप्रोनिल आपल्याकडे धानावर आणि कपाशीच्या फुलकिड्यांवर मारतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठीच्या काही फवाऱ्यांतही तेच असतं. कुत्र्यासाठी आणलेला फवारा कोंबडीवर मारणं म्हणजे तो आपल्याच ताटात वाढून घेणं.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस या गटातली विषं तर पक्ष्यांवर माणसापेक्षाही जबर काम करतात. मज्जातंतूने स्नायूला दिलेला निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर (एन्झाइम) शरीरात असतं. ही विषं त्या विकरालाच जखडून ठेवतात. निरोप पुसला जात नाही, स्नायू आखडतात, शेवटी श्वास थांबतो. सस्तन प्राण्यांच्या रक्तात अशी काही विषं फोडणारं दुसरं एक विकर असतं, पक्ष्यांच्या रक्तात ते जवळपास नसतंच. 1995-96 मध्ये अर्जेंटिनात मोनोक्रोटोफॉस फवारलेल्या शेतांतले टोळ खाऊन स्वेन्सन जातीचे हजारो शिकारी पक्षी मेले. आपल्या अंगणात टोळाच्या जागी मरायला टेकलेली माशी असते आणि ती टिपणारी कोंबडी असते.

मग विषाशिवाय काय करायचं? माशी, ऊ, माइट आणि गोचीड हे चारही जीव वेगवेगळे जगतात, पण त्यांची एक दुखरी नस सारखी आहे: पाणी. मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, खुराड्यात माशा कमी का दिसतात आणि मृगाच्या सरी पडल्यावर आठ-दहा दिवसांत त्यांचा थवा कुठून येतो, याचं उत्तर यात आहे.

माशी एका वेळी शंभर-दीडशे अंडी घालते, तीही ओल्या विष्ठेत. उष्ण हवेत दिवसाभरात अळी निघते, चार-पाच दिवस खाऊन वाढते, मग कोरड्या कडेला सरकून तपकिरी, गव्हाच्या दाण्याएवढा कोश करते. अंड्यापासून माशीपर्यंत सात ते दहा दिवस. अळीला 60 ते 75 टक्के ओलावा मानवतो. तो 40 टक्क्यांखाली गेला की तिचं वाढणं अवघड होतं, 30 टक्क्यांखाली जवळपास अशक्य. आता कोंबडीची ताजी विष्ठा बघा: तिच्यात साधारण 75 टक्के पाणी. म्हणजे अळीसाठी ताट वाढूनच ठेवलेलं.

हिशेब सोपा आहे. वीस गावरान कोंबड्यांची रात्रभराची विष्ठा साधारण किलोभर धरा. त्यात 750 ग्रॅम पाणी. तिच्यावर किलोभर कोरडं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) टाकलं आणि त्यात 10 टक्के ओल धरली, तर दोन किलोच्या मिश्रणात 850 ग्रॅम पाणी, म्हणजे साडेबेचाळीस टक्के. चाळिशीच्या काठावर. किलोला निदान किलो, हे प्रमाण लक्षात ठेवा. सोयाबीनचं कुटार चालतं, भंडारा-गोंदियाकडे धानाचं तूस फुकटात मिळतं. मूठभर भुरभुरवून भागत नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: कुटार टाकतात, पण चौथाई टाकतात, आणि मग म्हणतात की याने काही होत नाही. पारख हाताने करा. पिशवी हातात चढवून मिश्रणाची मूठ आवळा. पाणी निथळलं किंवा घट्ट गोळा झाला तर अजून कुटार हवं. मूठ उघडताच भुगा झाला तर बरोबर.

पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा, सोमवार-गुरुवार असे वार ठरवून, कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीखालचं खत काढा. अळीचा कोश व्हायला चार-पाच दिवस लागतात, त्याच्या आतच तिचं घर उचललं गेलं पाहिजे. पण खरवडून जमीन उघडी पाडू नका. तळाचा दोन बोटं जाडीचा जुना, कोरडा थर राहू द्या. त्यात माशीची अंडी खाणारे माइट आणि काळे चकचकीत छोटे भुंगेरे राहतात. माशीच्या कोशाला छिद्र पाडून त्यात अंडं घालणारी दोन-तीन मिलिमीटरची गांधीलमाशीही तिथेच असते, ती माणसाला डंख मारत नाही. विष फवारलं की सर्वांत आधी हीच मंडळी संपतात. माशी दहा दिवसांत परत येते, यांना मात्र परतायला फार वेळ लागतो.

काढलेलं खत उघड्यावर पसरून पावसात भिजू दिलं तर सगळी मेहनत वाया. एक घमेलं खताला दोन-तीन घमेली कुटार, असा निदान तीन फूट लांब-रुंद-उंच ढीग रचा आणि काळ्या प्लास्टिकने झाकून कडा मातीने दाबा. आत 55 ते 60 अंश तापतं, त्यात अळी जगत नाही. मात्र ती हुशार असते, थंड कडेला पळते. म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी ढीग उलटा, बाहेरचं आत गेलं पाहिजे.

ओल विष्ठेतच असते असं नाही. पाण्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर, विटांवर ठेवा. खाली वीतभर खोल खड्डा करून मुरूम भरा, कारण आपली काळी माती पाणी सोडतच नाही. छपराची वळचण भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे काढा. चुना ओल्या विष्ठेवर कधीच टाकू नका. चुन्याने आम्लता मोडते आणि विष्ठेतला नत्र अमोनिया वायू होऊन उडतो. बंद खुराड्यात कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात, श्वासनलिका सुजते. चुलीच्या राखेचा जाड थर टाकला तरी हेच घडतं. राखेची जागा वेगळी आहे, आणि तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

कोंबडी मातीत लोळते, पंख फुलवून धूळ अंगात घुसवते, मग झटकते. साधारण दोन दिवसांतून एकदा, वीस-पंचवीस मिनिटं, बहुधा दुपारी. हा तिचा नाद नाही. या धुळीत कीटकशास्त्रातली एक फार सुंदर गोष्ट दडलेली आहे.

एक मिलिमीटर बाजूचा घन कल्पा. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस मिलिमीटर, घनफळ 1 घन मिलिमीटर. आता दहा सेंटिमीटर बाजूचा घन घ्या: पृष्ठभाग 60 हजार चौरस मिलिमीटर, घनफळ 10 लाख घन मिलिमीटर. प्रत्येक घन मिलिमीटर शरीरामागे छोट्याला उघडी कातडी शंभरपट जास्त. पाणी उडतं ते पृष्ठभागावरून आणि साठतं घनफळात. या हिशेबाने ऊ किंवा माइट उन्हाळ्याच्या हवेत काही वेळातच वाळून जायला हवी. ती वाळत नाही, कारण तिच्या कवचावर मेणाचा एक थर असतो. हा थर एका मायक्रॉनहूनही पातळ, म्हणजे केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. हाच तिचा रेनकोट, फक्त उलटा: पाणी आत धरून ठेवणारा.

ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ व्हिन्सेंट विगल्सवर्थ यांनी या थराची परीक्षा घेतली आणि 1945 मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांनी रक्त पिणाऱ्या एका ढेकणाला बारीक, कठीण पूड लावली. पूड लागलेला ढेकूण हालचाल करत राहिला की झपाट्याने पाणी गमावून सुकायचा. पूड तशीच लावली, पण त्याला हलू दिलं नाही, तर पाणी फारसं जात नव्हतं. म्हणजे पूड विषारी नव्हती. किडा चालतो, सांधे कवचावर घासतात, मधले कण मेण खरवडतात, आणि त्या ओरखड्यांतून पाणी निसटतं. किडा स्वतःच्या चालण्याने मरतो. काही पुडी दुसऱ्या वाटेनेही काम करतात: सिलिकासारखे सच्छिद्र कण टिपकागदासारखं मेण शोषून घेतात. दोन्ही वाटा भौतिक आहेत, रासायनिक विषाच्या नाहीत, त्यामुळे फवाऱ्याला सरावलेल्या किडीवरही त्या चालतात.

आणि सिलिका पूर्व विदर्भाच्या दाराशी पडलेली आहे. धानाच्या तुसाच्या राखेत 85-90 टक्क्यांच्या आसपास सिलिका असते. चुलीत संथ जळलेल्या तुसाची करडी राख घ्या. राइस मिलच्या भट्टीतली राख टाळा. फार उच्च तापमानात सिलिकाचे स्फटिक होतात आणि स्फटिकी सिलिका माणसाच्या फुप्फुसाला कायमची इजा करते. साधी राख चाळतानाही नाकाला रुमाल बांधा. प्लास्टिक, रबर जाळलेल्या चुलीची राख तर मुळीच नको.

पेटी दोन फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल. चार भाग कोरडी बारीक माती किंवा चाळलेली रेती, एक भाग राख. निम्मी भरली की पुरे. पऱ्हाटीची किंवा लाकडाची राख असेल तर याहून जास्त घालू नका, ती क्षारयुक्त असते, ओली झाली की कातडी भाजते. पेटी छपराखालीच हवी. कणांची भोकं पाण्याने भरली की मेण शोषायला जागा राहत नाही, आणि दमट हवेत खरवडलेल्या किड्याचं पाणीही हळू उडतं. म्हणून पावसाळ्यात दर आठवड्याला मिश्रण बदला, किंवा तव्यावर शेकून पुन्हा वापरा. पेटी कायम ठेवा. अमेरिकेतल्या प्रयोगांत धूळपेटी वापरणाऱ्या कोंबड्यांवरचे माइट आणि उवा आठवडाभरात खूप घटल्या, पेटी काढल्यावर किडी पुन्हा वाढू लागल्या. खुडूक कोंबडी पेटीत फारशी जात नाही, तिच्या पंखांखाली आणि शेपटीखाली पूड हाताने चोळावी लागते.

उवांची अंडी शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढऱ्या गुठळीसारखी चिकटलेली दिसतात. अंड्यावर पूड चालत नाही, औषधही फारसं नाही. म्हणून पशुवैद्यकाने पक्ष्यांसाठी दिलेली भुकटी लावली तरी दहा ते चौदा दिवसांनी दुसरा हात लागतोच. सगळ्या कोंबड्यांना एकाच दिवशी लावा, आणि अंडी किती दिवस खायची नाहीत ते विचारून घ्या. मेलेली कोंबडी किंवा जनावर उघडं टाकू नका, खोल पुरा. सडलेल्या मांसातल्या अळ्यांत बोट्युलिझमचं विष साठू शकतं, त्या खाल्ल्या की कोंबडीची मान लुळी पडते.

लुळेपणाचं दुसरं कारण गोचीड. एका रात्रीत दोन कोंबड्या पायावरून गेल्या की गावात नजर, करणी असे शब्द निघतात, दारावर लिंबू-मिरची लागते, कुणी पाण्याची पिशवी टांगतं. शहरातून ध्वनिलहरींचं यंत्र आणणाऱ्याचीही गत तीच. अशा यंत्रांच्या दाव्यांना शास्त्रीय आधार लागतो, असं अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2001 मध्येच साठहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना बजावलं होतं. खरा गुन्हेगार बांबूच्या फटीत बसलेला असतो. कोंबड्यांचा मऊ गोचीड दिवसा लपतो, रात्री अर्धा तास रक्त पितो आणि परततो. त्याची पिल्लं मात्र पंखाखाली पाच-दहा दिवस काळ्या दाण्यांसारखी चिकटून राहतात. त्यांच्या लाळेतलं विष पाय-मान लुळी करतं. मोठा गोचीड स्पायरोकिटोसिस या आजाराचे जंतू देतो: ताप, हिरवी हगवण, फिका तुरा. त्यावर प्रतिजैविकं चालतात, म्हणून आजारी कोंबडी लवकर दवाखान्यात न्यावी.

खुराडं रिकामं ठेवून गोचीड उपाशी मरेल ही आशा सोडा, तो वर्षाहून जास्त काळ तग धरतो. दांडी भिंतीला टेकवू नका. तिचे पाय जुन्या इंजिन ऑइलच्या डब्यांत ठेवा, डब्यावर झाकण असं बसवा की कोंबडीचं पाऊल आत जाणार नाही. फटींत उकळतं पाणी ओता, मग शेणमाती भरून चुन्याचा हात द्या. पक्क्या, रिकाम्या खुराड्यात ज्योत फिरवता येते, कुडाच्या किंवा तट्ट्याच्या खुराड्यात ते धाडस करू नका. कोंबड्या बाभळीवर, निंबावर झोपत असतील तर ही सारी मेहनत अर्धीच, गोचीड सालीखाली राहतो. त्यांना तिन्हीसांजेला आत घ्यायची सवय लावा.

रात्री दहाच्या सुमारास बॅटरी घेऊन दांडीच्या खालच्या अंगावरून पांढरं फडकं घासा. तांबडे डाग उमटले तर लाल माइट किंवा गोचीड आहेत. फटी बुजवल्यावर दहा दिवसांनी तेच फडकं पुन्हा फिरवा. डाग आला तर एखादी फट राहून गेली आहे, बहुतेक दांडी आणि खुंटीच्या सांध्यात.