अंगणातला हॉट टब आणि जमिनीखालचा बर्फ

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या आसपास स्वतःचं घर झालं, की दोन-चार उन्हाळ्यांत मागच्या अंगणाचा विषय निघतोच. पॅटिओ, म्हणजे फरसबंद बैठक, करून घ्यायचा आणि ऐपत असेल तर त्यावर हॉट टब, म्हणजे बसायचं गरम पाण्याचं कुंड, बसवायचा. बाहेर शून्याखाली २० अंश, चहूकडे बर्फ आणि आपण गळ्यापर्यंत ४० अंशांच्या पाण्यात, हे सुख मिनेसोटाच्या हिवाळ्यातच कळतं. मग पेव्हरचे, म्हणजे फरसबंदीच्या ठोकळ्यांचे, रंग बघितले जातात, टबला पाण्याचे किती जेट (फवारे) हवेत यावर घरात चर्चा झडते. ठेकेदाराला एक प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात: खाली किती खणणार आणि त्यात काय भरणार? माझ्या मते हाच पहिला प्रश्न असायला हवा.

आधी वजनाचा हिशेब करू. आठ फूट लांब-रुंद टबमध्ये साधारण १५०० लिटर पाणी मावतं, म्हणजे दीड टन. टबचे स्वतःचे ४०० किलो आणि आत बसलेल्या पाच-सहा माणसांचे आणखी तेवढेच. हा सगळा भार सहा चौरस मीटरवर येतो, म्हणजे चौरस मीटरला ४०० किलोच्या घरात. अमेरिकेत घराला जोडलेला लाकडी डेक, म्हणजे खांबांवरचा ओटा, साधारणपणे याच्या निम्म्या भारासाठी बांधलेला असतो. म्हणून इंजिनिअरला न दाखवता जुन्या डेकवर टब चढवणं जिवावर बेतू शकतं. घट्ट, कोरड्या जमिनीला मात्र हे वजन काहीच नाही. अडचण आहे ती ‘कोरड्या’ या अटीची.

मिनेसोटाच्या बांधकाम नियमांनुसार घराचा पाया राज्याच्या दक्षिण भागात साडेतीन फूट आणि उत्तर भागात पाच फूट खोल न्यावा लागतो, कारण हिवाळ्यात गोठण तिथपर्यंत पोचू शकते. गोठलेली जमीन वर उचलली जाते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, त्यामुळे जमीन उचलली जाते, असं आपण शाळेपासून मानत आलोय. पण हिशेब मांडून बघा. मीटरभर खोल मातीत ४० टक्के जागा पाण्याने भरलेली असेल आणि ते सगळं गोठलं, तरी जमीन साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास वर येईल. प्रत्यक्षात ती याहून कितीतरी जास्त उचलली गेल्याचं दिसतं. मग हे जास्तीचं बळ येतं कुठून?

स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९२९ आणि १९३० साली याचं उत्तर दिलं, आणि त्याचा प्रयोग मला आजही फार सुंदर वाटतो. त्याने मातीत पाण्याऐवजी बेंझिन भरलं. बेंझिन गोठताना फुगत नाही, आकसतं. तरीही ती माती वर उचलली गेली! म्हणजे फुगणं हे मुख्य कारण नव्हतंच. गोठणारा थर खालून नवं द्रव वर ओढून घेत होता.

गोठलेल्या मातीचा उभा काप घेतला तर हे डोळ्यांना दिसतं. मातीच्या अधेमधे स्वच्छ बर्फाचे आडवे पापुद्रे असतात, काही केसाएवढे बारीक, काही बोटाएवढे जाड. त्या बर्फात मातीचा कण जवळजवळ नसतो. मातीचा कण आणि बर्फ यांच्यामध्ये पाण्याचा एक अतिशय पातळ थर शून्याखालीही द्रवरूपात टिकून राहतो. त्या थरातून खालचं पाणी सतत वर खेचलं जातं, पापुद्र्याला चिकटून गोठतं आणि पापुद्रा जाड होत जातो. वरची माती, पेव्हर, टब, जे काही असेल ते तो उचलून धरतो.

सगळ्यात वाईट माती म्हणजे गाळाची, बारीक पोयट्याची. वाळूतल्या पोकळ्या मोठ्या असल्यामुळे पाणी फारसं वर चढत नाही. चिकणमातीत ते चढतं, पण फार हळू. पोयट्यात मात्र ते उंच चढतं आणि बऱ्यापैकी वेगानेही. याचा अर्थ जमीन उचलली जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: गोठवणारी थंडी, पाणी आणि बारीक माती. थंडीचं आपण काही करू शकत नाही. उरलेल्या दोन गोष्टी मात्र आपल्या हातात आहेत आणि पॅटिओचे पैसे तिथेच गेले पाहिजेत.

म्हणून वरची माती खणून काढून तिथे फोडलेल्या दगडाची खडी भरतात. नदीचे गोल गोटे चालत नाहीत, ते एकमेकांवरून घसरतात. फोडलेल्या खडीच्या कडा एकमेकींत अडकून बसतात. मिनेसोटात ठेकेदार ‘क्लास ५’ नावाचं मिश्रण सर्रास वापरतात. त्यात खडीबरोबर दगडाची भुकटीही असते, त्यामुळे ते छान घट्ट बसतं. पण पाणी साचणाऱ्या पोयट्याच्या जमिनीवर टब ठेवायचा असेल, तर मी भुकटी नसलेल्या स्वच्छ खडीचा आग्रह धरेन, कारण तिच्यातून पाणी थेट निघून जातं. खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, अंथरायला विसरू नये, नाहीतर काही वर्षांत खालचा पोयटा खडीत शिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. खडीच्या थरातल्या पाण्याला बाहेर पडायला वाटही हवी, नाहीतर खणलेला खड्डा म्हणजे नुसती टाकीच.

क्लास ५ची दाबाई करताना त्यावर थोडं पाणी मारतात. लॉस एंजेलिसचा इंजिनिअर राल्फ प्रॉक्टर याने १९३३ साली दाखवून दिलं, की दाबाईसाठी प्रत्येक मातीला पाण्याचं एक नेमकं प्रमाण लागतं. त्याहून कमी असेल तर कण एकमेकांवर सरकत नाहीत. जास्त असेल तर पोकळ्यांत पाणीच भरून राहतं आणि पाणी काही दाबलं जात नाही. तीन-चार इंचांचा एकेक थर टाकून तो दाबायचा, मग पुढचा. एकदम फूटभर खडी ओतून वरवर मशीन फिरवणारा ठेकेदार दिसला, तर काम तिथेच थांबवा. पृष्ठभागाला घरापासून दूर जाणारा उतार हवा, फुटाला पाव इंच. टबच्या खाली मात्र सपाट काँक्रीटचा ओटा लागतो, आणि त्याखाली व त्याच्या कडेने बाहेरपर्यंत फोमचे कडक तक्ते घातले, तर जमिनीची स्वतःची ऊब तिथेच अडकून गोठण वरच राहते.

खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये होते. जमीन वरून वितळते, खाली अजून बर्फ असतो, त्यामुळे वितळलेल्या पाण्याला उतरायला जागा नसते आणि वरची माती चिखलासारखी मऊ पडते. याच दिवसांत मिनेसोटात रस्त्यांवर जड ट्रकना वजनाची बंधनं घालतात. टबचं झाकण उघडा आणि पाण्याची रेषा चारही बाजूंनी काठापासून किती अंतरावर आहे ते मोजा. पाणी स्वतः नेहमी समपातळीत असतं. एका बाजूला अंतर दोन सेंटिमीटरने कमी भरलं, तर टब त्या बाजूला तेवढा कलला आहे, हे नक्की.

महाराष्ट्रात बर्फ नाही, पण पाण्याने जमीन हलण्याचा अनुभव आपल्याला चांगला आहे. काळ्या मातीतलं माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज पाणी पिऊन फुगतं, उन्हाळ्यात आकसून भेगाळतं आणि घरांच्या भिंतींना तडे जातात. कारण वेगळं असलं तरी उपाय त्याच जातीचा: काळी माती काढायची, मुरूम भरायचा आणि पाणी लांब न्यायचं.

आता उष्णतेकडे येऊ. १५०० लिटर पाणी १० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला सुमारे ५२ युनिट वीज लागते. एकदा तापलं की झाकण बंद असताना फारसं काही होत नाही, खरी गळती झाकण उघडल्यावर सुरू होते. ३९ अंशांच्या पाण्याला लागून असलेल्या हवेत बाष्पाचा दाब शून्याखाली १५ अंशांच्या हवेतल्या दाबाच्या चाळीसपट असतो, त्यामुळे पाणी झपाट्याने उडतं. एक लिटर पाणी उडालं की उरलेलं सगळं पाणी जवळजवळ ०.४ अंशांनी गार होतं. वारा असला तर ते आणखी वेगाने उडतं. म्हणून झाडांची मांडणी शोभेपुरती नसते. इथे हिवाळ्यातला बोचरा वारा बहुतेक वायव्येकडून येतो, तेव्हा त्या बाजूला आर्बरव्हिटीसारख्या सदाहरित झाडांची दाट रांग लावावी. भरीव भिंतीपेक्षा ती बरी. भिंतीवरून उसळलेला वारा पलीकडे भोवरे करत खाली येतो, झाडांतून तो गाळून, मंद होऊन येतो. फक्त हरणांना आर्बरव्हिटी फार आवडते, पहिली काही वर्षं जाळी लावावीच लागते.

जंतूंच्या बाबतीत मी अजिबात सूट देणार नाही. चार माणसं १५०० लिटरमध्ये बसणं म्हणजे माणशी पाण्याच्या हिशेबाने ७५,००० लिटरच्या तलावात २०० माणसं उतरणं. त्यात गरम पाण्यात आणि बुडबुड्यांमुळे क्लोरिन भराभर संपतो. लिजिओनेला हा जीवाणू नेमका २५ ते ४५ अंशांच्या पाण्यात फोफावतो आणि बुडबुडे फुटून उडणाऱ्या तुषारांतून फुफ्फुसात शिरतो. १९९९ साली नेदरलँड्समधल्या बोव्हेनकार्स्पेलच्या पुष्पप्रदर्शनात नुसता मांडून ठेवलेला चालू व्हर्लपूल (बुडबुड्यांचा टब) या जीवाणूच्या साथीचं मूळ ठरला. दोनशेच्या आसपास माणसं आजारी पडली, अनेक दगावली. त्यातले बहुतेक फक्त फुलं बघायला आलेले होते.

त्यामुळे टबमध्ये क्लोरिन लिटरला किमान ३ मिलिग्रॅम आणि पीएच ७ ते ७.८ यांच्या दरम्यान ठेवा आणि उतरण्याआधी पाणी तपासायची पट्टी बुडवून बघा. पीएच ७.५ला जवळजवळ निम्माच क्लोरिन जंतू मारणाऱ्या रूपात असतो आणि पुढे तो झपाट्याने कमी होतो. पाण्याचं तापमान ४० अंशांच्या वर नको, गरोदर बायका आणि पाच वर्षांखालची मुलं टबमध्ये नकोतच.

दर तीन-चार महिन्यांनी पाणी बदलावं लागतं. ते थंडी कडक होण्याआधी, नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच उरकून घ्या. क्लोरिन उतरेपर्यंत दोन-तीन दिवस झाकण उघडं ठेवा, पट्टीवर शून्य आलं की पाइप अंगणाच्या उताराच्या टोकाला न्या आणि तिथे पाणी सोडा. पॅटिओच्या कडेला एक थेंबही नको. महिनाभरात तिथे गोठण उतरणार आहे.